पंचवीस वर्षांची रेघ: स्वस्त अमेरिकन क्लासिक गाड्यांची पार्श्वभूमी

दहा-पंधरा हजार डॉलर बाजूला काढून अमेरिकेत जुनी अमेरिकन गाडी शोधायला निघालेल्या माणसासमोर आज साधारण सारखीच यादी येते. साठच्या दशकातली चारदारी शेव्हर्ले किंवा फोर्ड, सहा सिलिंडरची डॉज डार्ट, सत्तरच्या उत्तरार्धातली लांबलचक लिंकन, नाहीतर कुणीतरी अर्ध्यावर सोडलेलं काम: इंजिन खोक्यात, पत्रा प्रायमरवर, आणि मालक म्हणतोय की आता फक्त जुळवायचं राहिलंय. चांगल्या स्थितीतली दोनदारी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाची गाडी, या पैशांत क्वचितच मिळते.

याचं खापर बहुतेक जण टीव्हीवरच्या लिलावांवर फोडतात. भाव वाढवण्यात लिलावांचा हात आहेच. पण मालच कमी का झाला, हा प्रश्न त्या उत्तरात सुटून जातो. १९६५ सालची शेव्हर्लेची इंपाला दहा लाखांहून जास्त खपली होती. १९६६ ची फोर्डची मस्टँग सहा लाखांवर बनली. इतक्या संख्येने निघालेली वस्तू साठ वर्षांत दुर्मीळ होते, तेव्हा ती कुठे गेली आणि कुणाच्या निर्णयाने गेली हे पाहायला हवं.

सुरुवातीचा भाग थोडक्यात सांगता येतो. दरवर्षी नवा साचा, हप्त्यावर विक्री आणि चार-पाच वर्षांत गाडी बदलायची सवय, यावर तो सगळा धंदा उभा होता. मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने दहा वर्षांत गाड्यांचा तळ खाल्ला. त्याच काळात अख्खी गाडी चिरडून तुकडे करणारी श्रेडर यंत्रं आली. १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरणाच्या कायद्याने हमरस्त्यालगतच्या भंगारवाड्यांवर बंधनं आणली, आणि वर्षानुवर्षं गाड्या सांभाळून सुटे भाग विकणाऱ्यांची जागा आक्रसत गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर मोठी व्ही-८ गाडी घरात ठेवणं म्हणजे खर्चाला आमंत्रण झालं. सगळ्यात आधी गेल्या त्या चारदारी. दोनदारी गाडी दुरुस्त करायची तर तिचे दिवे, डॅशबोर्ड, काचा, क्रोमच्या पट्ट्या चारदारीतून काढायच्या आणि उरलेला सांगाडा भंगारात घालायचा, ही रीत १९५५ ते ५७ च्या शेव्हर्लेपासून पडली. ज्या गाड्यांतून सामान्य कुटुंबं खरोखर फिरली, त्या अशा दुसऱ्या गाड्यांच्या पोटात गेल्या. आज चारदारी त्यातल्या त्यात स्वस्त मिळते ती मागणी कमी म्हणून. शिल्लक त्याही फार नाहीत.

‘क्लासिक’ या शब्दाचा घोळ इथेच सांगायला हवा, कारण पुढचे सगळे नियम त्यावर टेकलेले आहेत. १९५२ साली स्थापन झालेल्या एका क्लबच्या लेखी क्लासिक म्हणजे दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या निवडक उंची गाड्या. आजही त्यांची मर्यादा १९४८ च्या पुढे जात नाही. त्या हिशेबाने मस्टँग क्लासिक नाहीच. पेनसिल्व्हेनियात पंधरा वर्षांची गाडी ‘क्लासिक’ आणि पंचवीस वर्षांची ‘अँटिक’ अशा वेगवेगळ्या नंबरपाट्या मिळतात. शेजारच्या न्यू जर्सीत पंचवीस वर्षांनंतर ‘हिस्टॉरिक’. परदेशी गाडी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत बसत नसली तरी पंचवीस वर्षांनी आत आणता येते. असं करत करत पंचवीस हा आकडा सरकारदरबारी रूढ झाला. त्याच्या अलीकडची ती जुनी गाडी, पलीकडचा तो वारसा. या रेघेने काही गाड्या वाचवल्या, आणि काहींचा बळीही घेतला.

१९९० साली मात्र ही रेघ कुणी मानली नव्हती. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका तेलकंपनीने लॉस एंजेलिसच्या परिसरात जाहीर केलं की १९७१ पूर्वीची, स्वतःच्या चाकांवर चालत येणारी गाडी आणा आणि ७०० डॉलर घेऊन जा. हेतू हवा स्वच्छ करण्याचा होता. त्यातल्या बहुतेक जुन्या इंजिनांना धूर आवरणारी उपकरणं नव्हती किंवा अगदीच प्राथमिक होती, आणि तपासलेल्या काही गाड्या तर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त धूर ओकत होत्या. सुमारे ८,४०० गाड्या घेऊन त्या चिरडण्यात आल्या.

हवेचा मुद्दा खोटा नव्हता. लॉस एंजेलिसची त्या काळची हवा ज्यांच्या छातीत गेली त्यांना जुन्या पत्र्याचं प्रेम सांगण्यात अर्थ नाही. पण कोणत्या गाड्या गेल्या याकडेही बघायला हवं. दक्षिण कॅलिफोर्नियात बर्फ नाही, त्यामुळे रस्त्यावर मीठ नाही आणि गाडीला गंज नाही. देशात सर्वांत निकोप पत्रा तिथेच उभा होता. इंजिन दुसरं बसवता येतं, कार्ब्युरेटर बदलता येतो. कुजलेला तळ मात्र पुन्हा घडवायचा तर पत्रेकामाची मजुरी गाडीच्या किमतीवर जाते. ७०० डॉलरला द्यायला निघालेला माणूस श्रीमंत नव्हता आणि त्याची गाडी लिलावातली नव्हती. उद्याच्या विशीतल्या पोराला परवडली असती अशीच ती होती. पुढे काही वर्षांत तिथल्या हवानियंत्रण यंत्रणेने कारखान्यांनाही वाट मोकळी करून दिली: जुन्या गाड्या विकत घेऊन मोडा आणि त्या बदल्यात आपल्या धुराड्यासाठी सवलत मिळवा. धुराड्याला जाळी बसवण्यापेक्षा एखादी जुनी रॅम्बलर गाडी चिरडणं स्वस्त पडत असेल तर कारखानदार काय करेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

त्या अनुभवाने जुन्या गाड्यांचे मालक आणि सुट्या भागांचे व्यापारी एकत्र आले. म्हणून २००९ साली मंदीतून मोटारउद्योगाला सावरण्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने भंगार योजना (जुनी गाडी मोडीत द्या, नवीवर सूट घ्या) आणली, तेव्हा त्यांच्या संघटनेने धडपड करून एक अट कायद्यात घालून घेतली: गाडी पंचवीस वर्षांपेक्षा कमी वयाची हवी. म्हणजे १९८४ पूर्वीचं सगळं सुरक्षित. चाहत्यांच्या गप्पांत आजही ऐकू येतं की त्या योजनेने साठच्या दशकातल्या मसल कार, म्हणजे ताकदीच्या इंजिनाच्या दोनदारी गाड्या, संपवल्या. हे चूक आहे. त्या गाड्या योजनेत बसतच नव्हत्या.

तरीही ही योजना स्वस्त क्लासिकच्या मुळावर आली असं मी मानतो, आणि त्याचं कारण तिच्या बाकीच्या अटींत आहे. गाडी चालू स्थितीत हवी. वर्षभर सलग नोंदणी आणि विमा हवा. गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी चालणारी हवी. बदल्यात नव्या गाडीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट. थोडक्यात, पडीक धूड नको. सांभाळलेली, रोज रस्त्यावर असलेली, मोठ्या इंजिनाची गाडी द्या. पहिले शंभर कोटी डॉलर आठवडाभरात संपत आले, मग आणखी दोनशे कोटी मंजूर झाले. ऑगस्टअखेर सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या जमा झाल्या होत्या.

त्यांची इंजिनं पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून डीलरला ती मारावी लागत. ऑइल काढून टाकायचं, त्याजागी दोनेक लिटर सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं, आणि इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर चालू ठेवायचं. उष्णतेने पाणी उडतं, बेअरिंगांत काचेसारखा थर बसतो, आणि काही मिनिटांत इंजिन जाम होतं. रिंगा-पिस्टनपर्यंत हात काळे केलेल्या माणसाला हे बघवत नाही. बाकीचे काही भाग काढून विकायला भंगारवाल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, मग सांगाडा श्रेडरमध्ये.

समर्थकांची बाजूही आकड्यांनी बळकट आहे. आलेल्या गाड्यांची सरासरी गॅलनला १५.८ मैल होती, घेतलेल्या नव्या गाड्यांची २४.९. शिवाय अमेरिकेत एरवीही वर्षाला एक कोटीहून जास्त गाड्या भंगारात जातात, तिथे पावणेसात लाख म्हणजे किती? हा हिशेब बरोबर आहे. पण एरवी गाडी एकदम भंगारात जात नाही. ती आधी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जाते, कॉलेजातल्या मुलाकडे जाते, गावाबाहेरच्या गोठ्यात पडून राहते. मग भंगारवाड्यात तिच्या इंजिनावर दुसरी गाडी जगते. जुनी गाडी पंचवीस वर्षांची रेघ ओलांडते ती या मधल्या मुक्कामांच्या जोरावर, आणि योजनेने तेच काढून टाकले. १९९० मध्ये म्हातारी गाडी लक्ष्य होती. २००९ मध्ये म्हातारी वाचली आणि मधल्या वयाची गेली. जमा झालेल्यांत नव्वदच्या दशकातल्या फोर्ड एक्सप्लोरर आणि जीप ग्रँड चेरोकी यांचा भरणा होता. आज त्या तीस वर्षांच्या असत्या, आणि पहिली जुनी गाडी घेणाऱ्याच्या खिशाला शोभल्या असत्या.

पत्रा देशाबाहेरही गेला. युरोपात तीस वर्षांवरची संग्राह्य गाडी आयातशुल्काविना येते, आणि जर्मनीत तिच्यावर मूल्यवर्धित कर फक्त ७ टक्के. १९९७ पासून तिथे जुन्या गाड्यांना वेगळी नंबरपाटी आणि करात सवलत आहे. स्वीडनमध्ये अमेरिकन गाड्यांचं वेड पन्नासच्या दशकापासून, तेही कामगार वस्त्यांतलं. २००७-०८ मध्ये डॉलर घसरला तेव्हा या खरेदीदारांना अमेरिकेतला प्रत्येक भाव सवलतीचा वाटू लागला. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या निकोप गाड्या कंटेनरमध्ये चढल्या, आणि गेलेली गाडी सहसा परतत नाही.

भारताचा या बाजारात वाटा जवळपास नाही, आणि त्यालाही अशीच एक रेघ कारण आहे. मुंबईत जुन्या पिढीने पाहिलेल्या शेव्हर्ले, डॉज, प्लिमथ इथेच जुळवलेल्या होत्या. शिवडीला १९२८ पासून, कुर्ल्याला स्वातंत्र्याच्या सुमारापासून. १९५३ च्या धोरणाने सरकारने बजावलं की फक्त जुळणी चालणार नाही, गाडी इथे बनवावी लागेल, आणि अमेरिकन कंपन्यांनी पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला. नंतर अनेक वर्षं १९५० पूर्वीचीच गाडी व्हिंटेज म्हणून आणता येत होती, आणि वापरलेली साधी गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नव्हती. त्यामुळे न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या एखाद्या देशपांड्यांनी १९६६ ची मस्टँग पुण्याला पाठवायचं मनात आणलं, तरी ती दोन्ही खिडक्यांवरून परत यायची. २०२५ च्या सुरुवातीला ही अट पन्नास वर्षांवर आणली गेली. नोंदणीसाठी पन्नास वर्षांची व्याख्या २०२१ मध्येच आली होती.

अमेरिकेत मधल्या काळात विक्रीची जागाही बदलली. पूर्वी गल्लीतल्या गॅरेजवर ‘विकणे आहे’ची पाटी असायची, किंवा १९५४ पासून निघणारं जाहिरातींचं जाड मासिक चाळावं लागायचं. विकणाऱ्याला देशभरातला भाव ठाऊक नसायचा, आणि गरजू खरेदीदाराचं त्यातच साधून जायचं. नव्वदच्या उत्तरार्धात लिलाव टीव्हीवर थेट दिसू लागले, मग इंटरनेट आलं. २०१४ साली १९७१ ची, हेमी नावाच्या ताकदीच्या इंजिनाची एक उघड्या टपाची प्लिमथ ३५ लाख डॉलरला गेली, आणि दोन राज्यांपलीकडच्या आजीबाईंनाही आपल्या साध्या, सहा सिलिंडरच्या प्लिमथ व्हॅलियंटमध्ये खजिना दिसू लागला. २०२० नंतरच्या टाळेबंदीत घरबसल्या बोली लावणारे वाढले आणि भाव आणखी चढले. नवा साठाही आता मागून येणार नाही: प्लिमथ २००१ ला बंद झाली, ओल्ड्समोबिल २००४ ला, पाँटिॲक २०१० ला. २०१८ मध्ये फोर्डने अमेरिकेत सगळ्या सेडान थांबवण्याचं जाहीर केलं, मस्टँग तेवढी ठेवली. शेव्हर्लेची कॅमरो २०२३ च्या डिसेंबरात थांबली. पुढच्या पंचवीस वर्षांनी रेघ ओलांडायला येतील ते मुख्यतः पिकअप ट्रक.

स्वस्तात काही उरलं असेल तर ते कधीकधी सट्ट्यामुळे उरलं आहे. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’, म्हणजे उघड्या टपाची शेवटची गाडी, म्हणून विकली गेली. वळवताना नाकीनऊ आणणारी ती अजस्र गाडी लोकांनी चादर घालून घरात ठेवली. १९८२ मध्ये क्रायस्लरने उघड्या टपाच्या गाड्या पुन्हा आणल्या, १९८४ मध्ये खुद्द एल्डोराडोही परतली, आणि फसवणूक झाली म्हणून काही मालक कोर्टात गेले. भाव कोसळले, पण गाड्या राहिल्या. कमी चाललेल्या, पत्रा शाबूत असलेल्या आणि ताकदीच्या दोनदारी गाड्यांच्या मानाने आजही आवाक्यातल्या.

कॅलिफोर्नियात मात्र ही १९७६ ची एल्डोराडो घेणाऱ्याने नोंद घ्यावी असं एक वळण आहे. तिथे तीस वर्षांवरच्या गाडीला धूरतपासणीतून सूट देणारी सरकती मर्यादा होती. २००४ च्या कायद्याने ती १९७५ पर्यंतच्या गाड्यांवर गोठवली. पस्तीस वर्षांवरच्या, संग्राहक म्हणून विमा उतरवलेल्या गाड्यांना सूट देणारं विधेयक २०२५ मध्ये आलं आणि ऑगस्टमध्ये समितीतच अडकलं. त्यामुळे १९७५ ची एल्डोराडो तपासणीविना फिरते, आणि तेच इंजिन असलेली १९७६ ची दर दोन वर्षांनी नळकांड्याला नळी लावून उभी असते.