सीट खोलण्याआधी मापं घ्या : एकच रोड बाइक घरात दोघं चालवत असाल तर

शनिवारी सकाळी दुकान उघडलं की कोणीतरी पिशवीतून सीट काढून काउंटरवर ठेवतं. "फार कडक आहे हो, जरा मऊ दाखवा." सायकल कुठे आहे, असं विचारलं तर ती घरी. सीट आदल्या रात्रीच खोललेली. आणि थोडं बोलणं झालं की कळतं, सायकल एकाची नाहीच. शनिवारी मुलगा सिंहगड पायथ्यापर्यंत जातो, रविवारी वडील खडकवासल्याला. किंवा नवरा-बायको आलटून पालटून चालवतात. रोड बाइक महाग असते, घरात एकच असणं अगदी साहजिक आहे. अशा घरांसाठीच हे पत्रक छापलं आहे.

आधी सगळ्यात महत्त्वाचं : सीट खोलू नका. खोलायचीच असेल तर आधी तीन मापं घेऊन कागदावर लिहा. एवढं केलंत तर आमच्याकडचं काम पंधरा मिनिटांत होतं. मापं नसली की तुमची जुनी बैठक कुठे होती हे अंदाजाने शोधावं लागतं आणि त्यात पाऊण तास जातो. तरी आधी होती तशी बैठक परत मिळेलच, असं आम्हाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

पहिलं माप उंचीचं. क्रँकच्या (पेडल ज्या दांड्यांना असतात त्यांच्या) मधोमध जो बोल्ट असतो तिथून, सीटच्या नळीच्या (फ्रेमच्या ज्या नळीत सीटचा पाइप जातो तिच्या) रेषेत, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत टेप धरा. दुसरं माप पुढे-मागेचं. सीट टोकाकडून मागे रुंद होत जाते, ती जिथे बरोबर 80 मिलिमीटर रुंद होते तिथे पेन्सिलने खूण करा आणि त्या खुणेपासून हँडलच्या मध्यापर्यंत मोजा. तिसरं माप उताराचं. सायकल सपाट फरशीवर उभी करून सीटवर एक सरळ फळी ठेवा, तिच्यावर मोबाइल ठेवून पातळी बघा. तिन्ही आकडे आणि कोणाची मापं ते एका चिठ्ठीवर लिहा, वर तारीख घाला.

सीटच्या टोकापासून मोजू नका, 80 मिलिमीटरच्या खुणेपासूनच मोजा. यामागे कारण आहे. हल्ली आखूड नाकाच्या सीटा चालतात, साधारण 240 ते 250 मिलिमीटर लांबीच्या. जुन्या सीटा 270-280 च्या. नवीन सीटचं टोक जुन्याच्या जागी आणलं की बसायची जागा तीन सेंटिमीटर पुढे सरकते. मग गुडघ्याच्या वाटीपाशी दुखायला लागतं, तळहातांवर भार येतो आणि दोष मात्र नवीन सीटवर जातो. अशा "खराब" म्हणून परत आणलेल्या सीटा आम्ही नीट जागेवर बसवून दिल्या आहेत, आणि त्याच सीटवर ते लोक आज मजेत फिरताहेत.

उंचीचंही तसंच. सीट ज्यावर बसते त्या पाइपवर (सीटपोस्टवर) चिकटपट्टीची खूण केली की काम झालं असं वाटतं. पण सीटखालच्या दोन रुळांपासून (पाइपचा क्लॅम्प ज्यांना पकडतो त्या सळ्यांपासून) वरच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी प्रत्येक सीटची वेगळी असते. सीट बदलली की पाइप जागचा हलला नाही तरी बैठक पाच-दहा मिलिमीटरने वर किंवा खाली जाते. खूण फक्त त्याच सीटपुरती खरी.

आता मऊपणाबद्दल. हरक्यूलिस, अ‍ॅटलासच्या जमान्यातली स्प्रिंगांची रुंद सीट आठवून लोक म्हणतात, ती किती सुखाची होती. होतीच. त्या सायकलवर आपण ताठ बसायचो, अंगाचा जवळजवळ सगळा भार सीटवर असायचा, म्हणून ती रुंद आणि स्प्रिंगांची. रोड बाइकवर आपण पुढे वाकतो. भार हात, पाय आणि सीट असा वाटला जातो आणि मांड्या सीटच्या दोन्ही बाजूंनी सतत वर-खाली होत राहतात. तिथे रुंद गादी बसवली की मांड्या सोलवटतात. जाड जेलचं कव्हर घातलं की बैठकीची हाडं गादीत रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका नाजूक जागी दाबतो. अर्ध्या तासाच्या फेरीत छान वाटतं, दोन तासांनी मुंग्या येतात. म्हणून जेलची कव्हरं आमच्याकडे मुद्दाम ठेवलेली नाहीत. त्यामुळे काही गिऱ्हाइकं नाराज होऊन जातात, याची कल्पना आहे.

सीट सुखाची होते ती रुंदी बरोबर असली की. बैठकीच्या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, त्याचा वजनाशी किंवा पोटाशी संबंध नाही. हे अंतर घरी मोजता येतं. पन्हाळीच्या पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, पाय थोडे उंचावर टेकवा, पुढे वाका आणि अर्धा मिनिट थांबा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. या आकड्यात साधारण 20 ते 25 मिलिमीटर मिळवले की सीटची रुंदी मिळते. बाजारात बहुतेक सीटा 143, 155 आणि 168 मिलिमीटरच्या आसपास मिळतात. आकडा दोन मापांच्या मध्ये आला तर एकदा चालवून बघितल्याशिवाय ठरवू नका. दुकानात मोजून घ्यायला संकोच वाटत असेल तर घरूनच आकडा आणा, आम्ही तो मानतो. बायकांची सरासरी रुंदी जास्त असते, पण सरासरीवर सीट विकत घेऊ नका. 143 वर सुखी असणाऱ्या बाया आहेत आणि 155 लागणारे पुरुषही आहेत.

आणि पॅडच्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका. सांगायला अवघड वाटतं, पण "सीट टोचते" असं सांगत येणाऱ्या कितीतरी जणांचं दुखणं एवढ्याने थांबलं आहे.

आता दोघांच्या एका सायकलीचा मुख्य प्रश्न. उदाहरण घ्या. एकाच्या टांगेचं आतलं माप (जांघेपासून जमिनीपर्यंत) 79 सेंटिमीटर, दुसऱ्याचं 73. आतलं माप 0.883 ने गुणायचा एक जुना हिशोब आहे, सुरुवातीला धरायला बरा. त्याने एकाची सीट जवळपास 69.8 वर येते आणि दुसऱ्याची 64.5 वर. म्हणजे दर आठवड्याला पाच सेंटिमीटर वर-खाली. शिवाय एकाला 143 ची सीट हवी, दुसऱ्याला 155 ची. लोक काय करतात? रुळांचा क्लॅम्प सोडून सीट बदलतात, मग पाइप सरकवतात, आणि घाईत एल-कीने जोर लावून आवळतात. दोन-तीन महिन्यांत बोल्टचे आटे जातात, रुळांवर चरे पडतात.

आमचा सल्ला : सीट बदलू नका, पाइपासकट बदला. दुसरा सीटपोस्ट घ्या आणि त्यावर दुसऱ्या माणसाची सीट त्याच्या उताराने, त्याच्या पुढे-मागेच्या मापाने कायमची बसवून ठेवा. फ्रेममध्ये पाइप जिथपर्यंत जातो तिथे वरच्या बाजूला रंगीत चिकटपट्टीचं एक वेटोळं : बाबांचं लाल, मुलाचं निळं. मग रविवारी सकाळी फक्त एकच बोल्ट सोडायचा आणि एकच आवळायचा. मिनिटभराचं काम, आणि दोघांचंही माप दर वेळी तेच राहतं. बऱ्याच रोड बाइकना 27.2 मिलिमीटरचा गोल पाइप लागतो, तो अ‍ॅल्युमिनियमचा घेतला तर फार खर्चिक नाही. नक्की आकडा तुमच्या पाइपच्या खालच्या बाजूला छापलेला असतो. 27.2 च्या जागी 27.0 चालवून घेऊ नका.

अर्थातच दुसरा पाइप आणि दुसरी सीट आमच्याकडून घेतलीत तर आनंद आहे. पण दुसरीकडून घेतलीत तरी याच पद्धतीने वापरा.

हे सगळीकडे लागू होत नाही. फ्रेमच्या आकारातच बसणारा चपटा, एरो पाइप असेल तर दुसरा त्याच कंपनीचा मागवावा लागतो आणि किंमत बरीच होते. तिथे दोघांत एकच सीट ठेवा आणि ज्याची हाडं जास्त रुंद त्याच्या मापाने निवडा. अरुंद सीटवर रुंद हाडं कडेवरून घसरतात, ते जास्त त्रासाचं. चामड्याची सीट मात्र दोघांत वापरू नका. ती वापरता वापरता एकाच माणसाच्या हाडांचा आकार घेते, दुसऱ्याला ती कधीच जमत नाही.

पाइप फ्रेममध्ये आवळायच्या क्लॅम्पवर किती जोराने आवळायचं तो आकडा लिहिलेला असतो, बहुतेकदा 4 ते 6 न्यूटन-मीटर. कार्बनचा पाइप असेल तर टॉर्क रेंचशिवाय (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याशिवाय) हात लावू नका, त्याला ग्रीस नको, कार्बनची खरखरीत पेस्टच लावा. धातूच्या फ्रेममधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपला उलट ग्रीस हवंच. आपल्या पावसाळ्यात सीटच्या नळीत पाणी जातं, पाइप धरून बसतो आणि मग तो काढायला फ्रेमशी झटापट करावी लागते. दर आठवड्याला पाइप बदलणाऱ्यांना हा त्रास होत नाही. पाइपवरची कमीत कमी आत राहण्याची रेघ बाहेर दिसता कामा नये. उंच माणसाला तेवढा पाइप पुरत नसेल तर लांब पाइप घ्या किंवा ती फ्रेम त्याच्यासाठी लहान आहे हे मान्य करा. याबाबतीत आम्ही कोणाचंच ऐकत नाही.

पेडलचं थोडक्यात : दोघांच्या बुटांचे क्लीट (तळव्याला लावलेले, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) वेगळे असतील तर पेडलही बदलावे लागतील. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. आणि बूट बदलला, तळवा जाड झाला, की उंचीचं माप पुन्हा बघावं लागतं.

काही जण विचारतात, पाच मिनिटांच्या कामाला बसवणावळ कशाला. सीट फक्त अडकवायला पाच मिनिटंच लागतात. आम्ही तुम्हाला सायकलवर बसवतो, ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) दहा मिनिटं चालवायला लावतो, बाजूने आणि मागून बघतो, उंची दोन-तीन मिलिमीटरने हलवून पुन्हा चालवायला सांगतो. पैसे त्या वेळेचे. सीट आमच्याकडून घेतलीत तर बसवणावळ बिलातून वजा होते.

चाचणीच्या सीटा सात दिवसांसाठी अनामत ठेवून मिळतात. त्यांवर एकतरी लांब फेरी करा, किमान दोन तासांची, बोपदेव घाटासारखा चढ असलेली. चढावर आपण सीटवर सरकतो, खरी परीक्षा तिथे होते. लगेच पुढच्या रविवारी 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी) असेल तर त्या आठवड्यात नवीन सीट घेऊ नका. साडेतेरा तासांची मुदत असलेल्या त्या फेरीत नव्या सीटची पारख करणं महागात पडतं. इव्हेंट झाल्यावर या.

येताना सायकल आणा, चालवणारी दोघंही या, नेहमीचे शॉर्ट्स आणि बूट सोबत असू द्या. मापांची चिठ्ठी असेल तर ती आधी काउंटरवर द्या. शनिवारी सकाळी गर्दी असते, मंगळवार ते शुक्रवार दुपारी चारनंतर आलात तर तुम्हाला निवांत वेळ देता येतो. सोमवारी दुकान बंद.