खर्जाचा हट्ट: बेस वाजवणाऱ्यांची मतं कुठून आली?

बेस, म्हणजे बँडमधला खर्ज सांभाळणारं विजेवरचं गिटार, वाजवणाऱ्या माणसाबरोबर एखादा कार्यक्रम ऐकला की त्याच्या मतांचा साचा लगेच लक्षात येतो. गायकाबद्दल तो फारसं बोलत नाही. ड्रमर कसा आहे, हे मात्र पहिल्याच गाण्यात ठरवून मोकळा होतो. वाद्यांचा विषय निघाला की गाडी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दोन मॉडेलांपाशी येऊन थांबते. तारा नव्या घालाव्यात की जुन्याच ठेवाव्यात, यावर तो तासभर वाद घालेल. आणि कार्यक्रम कितीही रंगला तरी निघताना तक्रार ठरलेली: खर्ज नुसता घुमत होता, स्वर एकही कळला नाही.

बाहेरच्यांना ही मतं लहरी वाटतात. मी स्वतः बेस वाजवतो आणि यातली बहुतेक मतं माझीही आहेत, म्हणून सांगतो, ती हवेतून आलेली नाहीत. या वाद्याचा आजवरचा प्रवास म्हणजे ऐकू येण्यासाठी केलेली धडपड आहे, आणि ही सगळी मतं त्या धडपडीतूनच घडली आहेत.

विजेवरचा बेस येण्याआधी बँडमधला खर्ज उभ्या डबल बेसकडे होता. हे वाद्य माणसापेक्षा उंच, पोकळ आणि नाजूक. १९३० नंतरच्या स्विंग ऑर्केस्ट्रांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनची फौज असायची, शेजारी ड्रम. त्या गदारोळात आतड्याच्या तारांवर बोटांनी छेडलेला स्वर दबून जायचा. ठेका जाणवायचा, पण नेमका कोणता स्वर वाजला ते कळत नसे. वाजवणाऱ्याची अडचण आणखी मोठी होती. डबल बेसला पडदे नसतात, स्वराची जागा कानानेच शोधावी लागते. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसेल तर सुरात राहायचं कसं? वर एवढं मोठं धूड गावोगावच्या दौऱ्यांवर गाडीच्या टपावर बांधून न्यायचं, हा वेगळा त्रास.

यावर उपाय शोधणारे बरेच होते. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकातच ऑडिओव्हॉक्स ७३६ नावाचा भरीव लाकडाचा, पडद्यांचा, गिटारसारखा आडवा धरायचा विजेवरचा बेस बनवला होता. आजच्या बेसची जवळजवळ सगळी लक्षणं त्यात होती, पण तो चालला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि चित्र बदललं. लिओ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. गिटार वाजवणं त्याला कधीच आलं नाही. कदाचित त्यामुळेच त्याने वाजवणाऱ्यांच्या गैरसोयी शांतपणे ऐकून घेतल्या. घोडीपासून मानेच्या टोकाच्या पट्टीपर्यंत, म्हणजे नटपर्यंत, तारेची लांबी त्याने ३४ इंच ठेवली. डबल बेसची ती साधारण ४१-४२ इंच असते. बोट पडद्यामागे ठेवलं की स्वर नेमका लागणार, आणि पिकअपमधून, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागातून, निघालेला आवाज अ‍ॅम्पने हवा तेवढा वाढवता येणार. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्याने खास बेससाठी बासमन नावाचा अ‍ॅम्पही काढला. लायोनेल हॅम्प्टनच्या ऑर्केस्ट्रातून माँक माँटगोमेरी हा नवा बेस घेऊन दौऱ्यांवर फिरला, तेव्हा जॅझच्या मंडळींनी तो पहिल्यांदा नीट ऐकला.

त्या बासमनचं पुढे काय झालं, ते सांगायलाच हवं. गिटारवाल्यांना तो इतका आवडला की त्यांनीच तो पळवला, आणि १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला तो बासमनच्याच सर्किटवरून. म्हणजे रॉक गिटारचा तो गाजलेला आवाज ज्या यंत्रातून निघाला, ते मुळात बेससाठी केलेलं होतं. बेसवाले मात्र पुरेशा आवाजासाठी आणखी कित्येक वर्षं थांबले.

वाद्यांबद्दलचा कर्मठपणा इथूनच येतो. १९५७ मध्ये प्रिसिजनला दोन तुकड्यांचा पिकअप बसला. दोन्ही तुकड्यांची वायंडिंग आणि चुंबकं परस्परविरुद्ध असल्यामुळे विजेची गुणगुण आपोआप कटते. १९६० मध्ये त्याच कंपनीचा जॅझ बेस आला: नटपाशी मान अरुंद, पिकअप दोन, आवाजाला जास्त धार. त्यानंतर कितीतरी वाद्यं आली, पण आजही नवा बेस हातात घेणारा मनात हाच प्रश्न विचारतो की हा प्रिसिजनच्या बाजूचा की जॅझच्या? याला जुन्याचं वेड म्हणून निकालात काढू नये. पुढच्या दोन दशकांतली असंख्य रेकॉर्डिंगं या दोन वाद्यांवर झाली, त्यामुळे बेसचा आवाज कसा असतो याची आपल्या कानांची कल्पनाच त्यांनी घडवली. ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही प्रिसिजन मिक्समध्ये कुठे बसणार हे आधीच ठाऊक असतं, आणि हा फायदा किमती लाकडापेक्षा मोठा आहे असं माझं मत आहे.

त्या कल्पनेचा सगळ्यात मोठा शिल्पकार जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तो रोज येऊन वाजवायचा. मुळात डबल बेस वाजवणारा, त्यामुळे विजेचा बेस हातात आल्यावरही उजव्या हाताची तर्जनी एकटीच छेडायची. त्याचा १९६२ चा प्रिसिजन, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड, गुळगुळीत वेटोळ्यांच्या फ्लॅटवाउंड तारा. त्या तो जवळपास कधीच बदलत नसे. घोडीवरच्या झाकणाखाली स्पंजाची पट्टी, त्यामुळे स्वर उमटला की लगेच विरायचा. तारा मानेपासून इतक्या उंच की इतरांना तो बेस वाजवणं जड जायचं. आवाज स्टुडिओत अ‍ॅम्पमधून न जाता थेट मिक्सिंगच्या टेबलात जायचा. हे सगळं एकत्र आलं की स्वर गोल, जाड आणि छोटा होतो, आणि दोन स्वरांमध्ये रिकामी जागा उरते. त्या जागेत जेमरसन काय काय करायचा! कोमल-शुद्ध स्वरांतून पुढच्या कॉर्डकडे सरकणं, ठेक्याच्या आधी किंचित टपकणं, मोकळ्या तारांवरून उडी मारून परत येणं. गायकाची ओळ बाजूला ठेवून नुसता बेस ऐकला तरी गाणं पूर्ण वाटतं.

आणि या माणसाचं नाव त्या काळच्या रेकॉर्डवर छापलं जात नसे. गायक मार्विन गेच्या १९७१ च्या अल्बमवर ते ठळकपणे आलं, तोवर त्याने वाजवलेली डझनावारी गाणी जगभर पाठ झाली होती. १९८३ मध्ये ४७ व्या वर्षी तो गेला. त्याच्या थोडं आधी तो प्रिसिजन बेसही चोरीला गेला. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याचा सन्मान केला. लॉस एंजेलिसला कॅरल के यांनीही पिक (तार छेडायची छोटी पट्टी) घेऊन शेकडो गाण्यांत बेस वाजवला, आणि बहुतेक ऐकणाऱ्यांना तेव्हा त्यांचंही नाव माहीत नव्हतं. बेसवाले पोस्टरवरच्या चेहऱ्यांपेक्षा ‘वाजवलं कुणी?’ असं आधी का विचारतात, त्याचं कारण या नावं न छापलेल्या रेकॉर्डांत आहे.

तारांचं भांडणही इथलंच. जेमरसनच्या जुन्या फ्लॅटवाउंड एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाला द हू बँडचा जॉन एन्टविसल. त्याला बेस पियानोसारखा खणखणीत हवा होता. १९६६ मध्ये त्याने रोटोसाउंडच्या जेम्स हाऊबरोबर बसून गोल तारेच्या वेटोळ्यांच्या राउंडवाउंड तारा करून घेतल्या. या तारांतून वरची हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उपस्वर, भरपूर निघतात, आणि गिटारच्या भिंतीतून बेस बाहेर येतो तो त्यांच्याच जोरावर. येस बँडचा ख्रिस स्क्वायर, मोटरहेडचा लेमी, रशचा गेडी ली यांचा आवाज याच वाटेचा. दोन्ही बाजू बरोबर आहेत, फरक सोबतीचा आहे. बँडमध्ये पियानो, ब्रास, कोरस असेल तर फ्लॅटवाउंड गाणं सावरते. डिस्टॉर्शन लावलेली दोन गिटार असतील तर ती बुडून जाते.

बँडच्या बाबतीत बेसवाल्यांना एक गोष्ट विशेष लागते: बेस म्हणजे गिटार न जमलेल्याची जागा, हा समज. तो पसरला कारण साठच्या दशकातल्या अनेक बँडांत खरंच तसं झालं. खुद्द पॉल मॅकार्टनीकडे बेस आला तो स्टुअर्ट सटक्लिफने बीटल्स सोडल्यावर, कारण बाकी कुणी तयार नव्हतं. १९६१ मध्ये हॅम्बर्गला त्याने व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर घेतला. तो स्वस्त होता, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नसे. पुढे त्याच माणसाने बेसला दुसऱ्या चालीचा दर्जा दिला. पण तेव्हाच्या तबकड्यांवर तो खर्ज उतरतच नसे: फार खोल आवाज कोरला तर सुई उडेल म्हणून अभियंते तो कापत. १९६६ मध्ये एका सिंगलसाठी जेफ एमरिकने बेसच्या अ‍ॅम्पसमोर मोठा लाउडस्पीकरच मायक्रोफोनसारखा लावला, तेव्हा कुठे ते वजन टिपलं गेलं.

ड्रमरकडे आधी कान जाण्याचं कारण साधं आहे. किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि बेस यांचे स्वर खालच्या एकाच पट्ट्यात राहतात. दोघांचं जमलं नाही तर दोघंही ऐकू येत नाहीत. बेसवादक लॅरी ग्रॅहमची गोष्ट याचाच पुरावा. तो आईसोबत वाजवायचा, बँडला ड्रमर उरला नाही, तेव्हा त्याने अंगठ्याने तार ठोकून किकची आणि बोटाने ओढून स्नेअरची, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची, जागा भरली. पुढे स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमधून ही स्लॅप शैली जगभर गेली. बेसवादक जाको पास्टोरियसने जॅझ बेसचे पडदे काढून, मानेवर इपॉक्सीचा कडक लेप चढवून १९७६ मध्ये उलट दिशेचं काही करून दाखवलं, म्हणजे बेसला गायला लावलं. त्याचं अनुकरण करणारे फार झाले, त्याच्यासारखा सूर लागलेले फार थोडे.

आता आवाजाची तक्रार. इथे निसर्गच बेसच्या विरुद्ध आहे. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार, ई, सुमारे ४१ हर्ट्झवर असते. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आपला कान खालच्या स्वरांना मंद आहे. ४० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यायलाही १००० हर्ट्झच्या स्वरापेक्षा जवळपास ५० डेसिबल जास्त जोर लागतो. शिवाय त्या स्वराची तरंगलांबी आठ मीटरच्या वर. सभागृहाच्या भिंतींमध्ये ती अडकते, एका खुर्चीवर स्वर फुगतो तर चार पावलांवर गायब होतो. म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलेला म्हणतो बेस जास्त आहे, आणि मधला म्हणतो बेस नाहीच. दोघंही खरं बोलत असतात.

१५ ऑगस्ट १९६५ ला बीटल्सनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,६०० लोकांसमोर कार्यक्रम केला, तो १०० वॅटच्या व्हॉक्स अ‍ॅम्पवर आणि मैदानाच्या लाउडस्पीकरवर. किंचाळ्यांत त्यांना स्वतःलाच काही ऐकू येत नव्हतं. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने ३०० वॅटचा एसव्हीटी हा बेसचा अ‍ॅम्प काढला. दहा इंची आठ स्पीकरांची पेटी, आणि नुसतं हेडच, म्हणजे स्पीकर नसलेला अ‍ॅम्पचा भाग, ३५ किलोच्या वर. बेस पहिल्यांदा मोठ्या मंचावर खऱ्या अर्थाने उभा राहिला तो याच्यावर. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या बँडने बँडच्या मागे स्पीकरांची भिंतच उभी केली, प्रत्येक वाद्याला वेगळे स्पीकर. फिल लेशच्या बेसची तर एकेक तार वेगळ्या स्पीकरांवर पाठवता यायची. इतकी स्वच्छ व्यवस्था पुन्हा क्वचितच झाली. खर्च आणि वाहतूक न झेपल्यामुळे त्याच वर्षी ती मोडीत निघाली. जमैकात मात्र गल्लीतल्या साउंड सिस्टीम आधीपासून खर्जाभोवतीच बांधल्या जात होत्या, म्हणून अ‍ॅस्टन बॅरेट किंवा रॉबी शेक्सपिअर या तिथल्या बेसवाल्यांच्या ओळी गाण्याच्या पुढे चालतात, मागे नाहीत.

यंत्रांनीही बेसची जागा घेऊन पाहिली. द डोअर्स या बँडच्या मंचावर बेसवाला नव्हता, कीबोर्डवाला रे मॅन्झारेक डाव्या हाताने पियानो बेस नावाचा कीबोर्ड वाजवायचा. १९८१ मध्ये रोलँड कंपनीने टीबी-३०३ हे बेसचा आवाज काढणारं यंत्र काढलं ते गिटारवाल्याला सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून. त्याचा आवाज बेससारखा मुळीच नव्हता आणि ते काही वर्षांत बंद पडलं. शिकागोच्या तरुणांनी नंतर स्वस्तात मिळालेल्या त्याच पेटीतून अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार घडवला. सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या, खोल स्वरांशी बरोबरी करता यावी म्हणून बेसवाल्यांनीही खालची बी तार, म्हणजे साधारण ३१ हर्ट्झ, जोडून पाच तारांचे बेस हाती घेतले. त्या तारेची गरज किती गाण्यांना आहे, याबद्दल मला शंका आहे. बहुतेक स्पीकर तिथवर पोचतच नाहीत, आणि आपण ऐकतो ती हार्मोनिक्सवरून मेंदूने जुळवलेली कल्पना असते.

आज मंचावरचे अ‍ॅम्प कमी होत चाललेत. हलके क्लास-डी अ‍ॅम्प आले, त्यांच्याने पाठ वाचली. बऱ्याच ठिकाणी तेही नसतात: बेस डीआय बॉक्स या छोट्या जोडयंत्रातून थेट मिक्सरला, वाजवणाऱ्याच्या कानात इन-इअर, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकवणारे इअरफोन. सूर आणि ताल यात नक्कीच सुधारतात. पण सबवूफरांच्या (फक्त खोल आवाजाच्या मोठ्या स्पीकरांच्या) या काळात किक ड्रम इतका मोठा केला जातो की ४० ते १०० हर्ट्झचा सगळा पट्टा तोच खातो, आणि बेसच्या वाट्याला नुसता गुरगुराट उरतो. १९८८ च्या मेटालिकाच्या अल्बममध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ पुसला गेला, त्यावर अजून वाद होतात. मंचावर ते रोज घडतं. साउंड चेकला किक आणि बेस नेहमी वेगवेगळे ऐकले जातात, आणि ही सवय बदलायला हवी. दोन्ही एकत्र वाजवून घ्यावेत, दोघांपैकी एकालाच सगळ्यात खालची जागा द्यावी, दुसऱ्याचा तेवढा भाग कापावा, आणि मग सभागृहाच्या मध्यावर चालत जाऊन बेसची ओळ गुणगुणता येते का ते पाहावं. येत नसेल तर आवाज वाढवायच्या आधी किक खाली घ्यावा.