धंद्यातली थकबाकी आणि दाव्याआधीची मध्यस्थी: कोल्हापुरात अर्ज कसा करायचा

मध्यस्थ हा शब्द आपण फार सैल वापरतो. जागा दाखवणारा एजंट मध्यस्थ आणि लग्न जुळवणाराही मध्यस्थच. कायद्यातला मध्यस्थ वेगळा. तो दोन्ही बाजू ऐकतो, लागलं तर एकेकाशी स्वतंत्र बोलतो, तोडगा निघायला वाट करून देतो, पण निकाल देत नाही. निकाल देतो तो लवाद. हा फरक ध्यानात नसला की माणूस ‘साहेब न्याय करतील’ म्हणून रिकाम्या हातांनी येतो आणि तारीख फुकट जाते.

व्यापारी वादात दाव्याआधी मध्यस्थीची पायरी ऐच्छिक नाही. वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेच्या व्यापारी वादात आधी मध्यस्थीचा अर्ज, मगच दावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं. ही पायरी गाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो. वकिलाची नोटीस म्हणजे मध्यस्थी नव्हे, आणि गफलत नेमकी इथेच होते.

माल विक्री, सेवा, भागीदारी, बांधकामाचं कंत्राट, धंद्यासाठी प्रत्यक्ष वापरात असलेली जागा, हे सगळं व्यापारी वादात येतं. भाऊबंदकीतली शेतजमीन किंवा राहत्या घराचं भाडं येत नाही. रक्कम मोजताना व्याज विसरू नका. समजा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचे कास्टिंगचे २,७०,००० रुपये वर्षभर अडकलेत आणि ठरलेलं व्याज १८ टक्के आहे. व्याज झालं ४८,६००, एकूण मागणी ३,१८,६००. मुद्दल ३ लाखांच्या आत असलं तरी हा वाद कलम १२अ खाली आला.

तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर थेट दावा करता येतो. मात्र मध्यस्थी टाळायला नावापुरती तातडी दाखवली तर चालत नाही, न्यायालय ते तपासतं.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात करायचा. नमुना १ भरायचा आणि १,००० रुपये शुल्क डिमांड ड्राफ्टने किंवा ऑनलाइन भरायचं. समोरच्याचं नाव अचूक लिहा. बोर्डावर ‘ट्रेडर्स’ असलं तरी मालक कोण, भागीदारी आहे की कंपनी, हे जीएसटी नोंदणीवरून बघून घ्या. पत्ता जुना असेल तर नोटीस परत येते आणि सगळं तिथेच अडतं. नोटीस रजिस्टर किंवा स्पीड पोस्टाने आणि ई-मेलवरही जाते, म्हणून चालू ई-मेल द्या.

सोबत खरेदी ऑर्डर, बिलं, पोच सही असलेली डिलिव्हरी चलनं, ट्रान्सपोर्टची बिल्टी, ई-वे बिल, खातेउतारा आणि बँक स्टेटमेंट लावा. यात सगळ्यात जास्त कामाला येते ती पोच. बिल तुम्ही छापता, चलनावरची सही समोरच्याच्या माणसाची असते. त्याने रिजेक्शनची डेबिट नोट, म्हणजे माल नाकारून तुमच्या बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी, पाठवली असेल तर तीही जोडा. ती दडवली तर पहिल्याच बैठकीत समोरून टेबलावर येते आणि विश्वास उडतो. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि अधिकारपत्र. हिशेबनीस पाठवायचा असेल तर किती रकमेपर्यंत तडजोड करायचा अधिकार त्याला आहे हे आधी ठरवा. ‘शेठना विचारून सांगतो’ म्हणणारा माणूस बसवला तर बैठक पुढे सरकत नाही.

नोटिशीत १० दिवसांच्या आतली तारीख असते. उत्तर आलं नाही तर अंतिम नोटीस जाते. तरीही समोरचा आला नाही, किंवा आला पण नकार दिला, तर प्राधिकरण नमुना ३ मध्ये तसा अहवाल देतं. तुमचा वेळ वाया गेला असं समजू नका, दाव्याची वाट त्याच कागदाने मोकळी होते. दोघांची संमती असेल तर मध्यस्थ नेमला जातो. फी रकमेनुसार ठरते: ३ ते १० लाखांना १५,००० आणि १० ते ५० लाखांना ३०,००० रुपये, दोघांत निम्मी-निम्मी. वरच्या उदाहरणात प्रत्येकी ७,५००.

मध्यस्थी संपवायची मुदत अर्जापासून ३ महिने, दोघे राजी असतील तर आणखी २. हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. पण चेक परत आला असेल तर सावध राहा. चेक न वटल्याबद्दलच्या, परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ ची घड्याळं वेगळी चालतात: बँकेची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. मध्यस्थी चालू आहे म्हणून ती थांबत नाहीत.

बैठकीतलं बोलणं गोपनीय असतं, रेकॉर्डिंग करता येत नाही. ‘दोन लाखांत मिटवू’ असं तिथे म्हटलं म्हणून पुढे न्यायालयात ते तुमच्या अंगावर येत नाही. तेव्हा आकडा मोकळेपणाने बोला.

मिटलं तर करार नमुना ४ मध्ये लिहून दोघांच्या सह्या होतात. त्याला लवादाच्या निवाड्याइतकं बळ असतं, पैसे आले नाहीत तर नवा दावा न करता सरळ वसुलीची दरखास्त दाखल करता येते. म्हणून ‘हप्त्याहप्त्याने देईन’ असं मोघम लिहू देऊ नका. प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, खातं, एक हप्ता चुकला तर बाकी सगळी रक्कम व्याजासह लगेच देय, आणि चेकची फिर्याद चालू असेल तर ती कधी मागे घ्यायची, एवढं कलमवार लिहून घ्या. नाही मिटलं तर नमुना ५ मधला अपयशाचा अहवाल मागून घ्या आणि दाव्यासोबत जोडा.