ऑर्डर जाते, पण केओटी (किचनमधली ऑर्डरची चिठ्ठी) निघत नाही? आधी ब्राउझर तपासा

शनिवारी रात्रीची गर्दी, वेटर टॅब्लेटवर ऑर्डरी मारतोय आणि आत किचनमधला प्रिंटर ढिम्म. "प्रिंटर गेला, नवा पाठवा" असा फोन आला की आम्ही आधी ब्राउझरबद्दल विचारतो. बरेचदा प्रिंटर ठणठणीत असतो, आडवी येते ती एक परवानगी.

आमचं बिलिंगचं पान इंटरनेटवरून उघडतं, प्रिंटर मात्र तुमच्याच वायफायवर असतो. बाहेरच्या पानाने आतल्या यंत्राशी बोलायचं म्हटलं तर पूर्वी कुणी हटकत नसे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १४२ पासून ब्राउझर आधी विचारतो: या साइटला लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधू द्यायची का? घाईत कुणीतरी 'ब्लॉक' दाबतं. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि मग पुन्हा विचारतच नाही.

दोष प्रिंटरचा नाही ना, याची खात्री करा. प्रिंटर बंद करा, फीडचं (कागद पुढे सरकवणारं) बटण दाबून धरा आणि तसाच चालू करा. बहुतेक थर्मल प्रिंटर अशा वेळी सेल्फ-टेस्टची चिठ्ठी काढतात. नेटवर्कवाल्या प्रिंटरच्या चिठ्ठीवर सहसा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ताही असतो. चिठ्ठी नीट आली, तर प्रिंटरला हात लावू नका.

आता काउंटरच्या कॉम्प्युटरवर आमचं पान उघडा. ॲड्रेस बारमध्ये पत्त्याच्या डाव्या बाजूला छोटं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा. 'लोकल नेटवर्क' बंद दिसलं तर चालू करा, पान रिफ्रेश करा आणि एक चहाची ऑर्डर मारून बघा. एज ब्राउझरमध्येही साधारण हीच वाट. इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, काम करू नका. तिथली परवानगी खिडकी बंद केली की जाते.

मॅकवर आणखी एक दार आहे. २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून मॅक स्वतःही विचारतो. सिस्टीम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकल नेटवर्क इथे जाऊन क्रोमसमोरचं बटण चालू करा आणि क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आयपॅडवर क्रोम वापरत असाल, तर तिथेही सेटिंग्जमध्ये याच नावाची यादी आहे.

एवढं करूनही काही हललं नाही, तर टॅब्लेट गिऱ्हाइकांच्या 'गेस्ट' वायफायवर तर नाही ना, ते बघा. गेस्ट वायफायवरून आतली यंत्रं सहसा दिसतच नाहीत.

कुणी भाचा-पुतण्या "सगळी सिक्युरिटीच बंद करतो" म्हणाला तर करू देऊ नका. ही अडवणूक उगाच नाही. याच वाटेने एखादं भलतंच पान तुमच्या राउटरपर्यंत पोचू शकतं, आणि राउटरचा पासवर्ड कित्येक हॉटेलांत अजून 'ॲडमिन'च असतो. जून २०२५ मध्ये तर संशोधकांनी दाखवून दिलं, की अँड्रॉइड फोनवर बड्या कंपन्यांची ॲप्स आतल्या आत अशीच वाट वापरून लोक कुठल्या साइट बघतात ते टिपत होती. म्हणून परवानगी फक्त आमच्या पत्त्याला द्या. दुसऱ्या कुठल्या साइटने मागितली आणि कारण कळलं नाही, तर बेधडक 'ब्लॉक'.

तरीही अडलं तर फोन करा, आणि ती सेल्फ-टेस्टची चिठ्ठी हातात असू द्या. आम्ही पहिल्यांदा तिच्यावरचा पत्ताच विचारणार.