या शनिवार-रविवारी कोणता पिक्चर बघावा? आमच्या प्रेक्षकांसाठी माहितीपत्रक

शुक्रवार ते रविवार बुकिंगच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास येतो : "चांगला कोणता आहे हो?" आतल्या माणसाला मागची रांग दिसत असते, त्यामुळे "दोन्ही चांगलेत" म्हणून तो मोकळा होतो. या उत्तराचा कुणाला काही उपयोग नाही हे आम्हालाही कळतं. म्हणून हे पत्रक.

आधी आमचा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका नको. तिकिटाच्या पैशातला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात सर्वांत मोठा असतो आणि मग उतरत जातो. 2009 साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं दोन महिने भांडण चाललं, त्यानंतर ठरलेलं प्रमाण पहिल्या आठवड्याला 50 टक्के, मग 42.5, 37.5 आणि 30 असं होतं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या दोन स्क्रीनच्या थिएटरचे करार वेगळे असतात, पण उतार तसाच. त्यामुळे शुक्रवारी हाउसफुल्ल आणि सोमवारी रिकामा, असा पिक्चर आमच्या फारसा कामाचा नाही. आम्हाला तीन-चार आठवडे टिकणारा हवा असतो. शिवाय एकदा पस्तावलेलं कुटुंब पुढे कितीतरी दिवस इकडे फिरकत नाही.

मोठा पिक्चर थांबतो, छोटा थांबत नाही

एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुरे.

मोठ्या नटाचा, मोठ्या जाहिरातीचा हिंदी किंवा दक्षिणेतला डब चित्रपट असेल तर शुक्रवारी धावत येण्याची गरज नाही. त्याचे खेळ भरपूर लावलेले असतात आणि तो पुढच्या शनिवारीही इथेच असतो. शनिवारी दुपारपर्यंत थांबा, चार लोकांना विचारा, मग रविवारचं तिकीट काढा. पहिल्या दिवशी जाण्याची मजा ज्यांना हवी आहे, शिट्ट्या-टाळ्यांसकट, त्यांनी जरूर या. ती मजा वेगळीच असते आणि तिचा पिक्चरच्या चांगल्या-वाईटाशी फार संबंध नसतो.

मराठी चित्रपटाचं गणित उलटं. त्याला पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा एक-दोनच खेळ मिळतात, तेही अडनिड्या वेळी. रविवारपर्यंत किती तिकिटं गेली ते बघून सोमवार-मंगळवारी पुढच्या शुक्रवारचे खेळ ठरतात. तोवर तुम्ही "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिलात, तर पुढच्या आठवड्यात तो लागलेलाच नसतो आणि मग तुम्ही आम्हाला विचारता की इतक्या लवकर का काढला. ट्रेलर आवडला असेल, विषय आपला वाटत असेल, तर मराठी पिक्चर पहिल्या रविवारच्या आत बघून टाका. फार वाईट निघाला तर एक दुपार गेली, इतकंच.

अपवाद घडतात. 30 जून 2023 ला 'बाईपण भारी देवा' लागला. पहिल्या शनिवार-रविवारपेक्षा त्याचा दुसरा शनिवार-रविवार मोठा ठरला. बायकांचे गट एकमेकींना सांगून, नटूनथटून येत होते आणि ठिकठिकाणी सकाळचे खेळ भरत होते. पण असं वारंवार घडत नाही. बहुतेक छोट्या चित्रपटांना तोंडी प्रसिद्धी मिळायला लागते तेव्हा त्यांचा आठवडा संपत आलेला असतो.

स्टार मोजण्याआधी

परीक्षण जरूर वाचा, पण शेवटचा आकडा सोडून वाचा. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय, ते देणाऱ्यालाही नीट सांगता येणार नाही. गोष्ट संथ आहे की गोंगाटी, मारामारी किती, उत्तरार्ध ताणलाय का, हे ज्यात लिहिलेलं असतं ते परीक्षण कामाचं. एकच समीक्षक धरून ठेवा. त्याची आवड तुमच्याशी जुळलीच पाहिजे असं नाही. तो ज्याला नावं ठेवतो ते तुम्हाला दरवेळी आवडत असेल, तरी त्याचा उपयोग होतो. गुरुवारी रात्रीच "मास्टरपीस" म्हणून ओरडणाऱ्या व्हिडिओंकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

कोटींच्या आकड्यांनीही काही ठरवू नका. ग्रॉस म्हणजे करासकट, नेट म्हणजे कर वजा जाता. एकाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट शेजारी ठेवून भांडणारे आमच्या कँटीनपाशीच रोज भेटतात. पिक्चर किती जणांनी बघितला हे त्यातून थोडंफार कळतं, बघितल्यावर काय वाटलं ते कळत नाही.

ॲपवरचा सीटचा नकाशा मात्र बघा, तोही एकदाच नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या खेळाला किती सीट गेल्या आणि शनिवारी त्याच वेळेला किती, ही तुलना करा. शनिवारी साधारण सगळ्यांचीच गर्दी वाढते, पण ती जेमतेम वाढली असेल तर बाहेर पडलेले लोक इतरांना पाठवत नाहीयेत असं समजा. आणखी एक खूण : खऱ्या प्रेक्षकांनी काढलेल्या सीट दोन इथे, चार तिथे, मागच्या ओळींतून अशा विखुरलेल्या दिसतात. पुढपर्यंत सलग चौकोन भरलेला असेल तर ते घाऊक बुकिंग असू शकतं. फॅन क्लबचं असेल, कंपनीचं असेल किंवा नुसतं वातावरण तापवायला केलेलं.

पण सगळ्यात खरी बातमी इंटरव्हलला आमच्या पार्किंगमध्ये मिळते. समोसे संपले, घंटा झाली, की आमचा डोअरकीपर दारात उभा राहतो. पिक्चर धरून ठेवणारा असेल तर लोक हातातला चहा घशाखाली ओतत आत पळतात. नसेल तर घंटेनंतरही कठड्याला टेकून मोबाइल चालू असतो आणि पाच मिनिटांत स्टँडवरून एकेक मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज येतो. शुक्रवारच्या दुपारच्या खेळाला हे ज्याने पाहिलं, त्याला संध्याकाळी विचारा. तो खोटं बोलत नाही. आम्ही त्याला खरं सांगायची मुभा दिली आहे.

मुलं बरोबर असतील तर

पोस्टरच्या कोपऱ्यातलं सेन्सॉर प्रमाणपत्राचं अक्षर बघा. कायदा 2023 मध्ये बदलला, नवे नियम 2024 मध्ये आले आणि जुन्या सरसकट 'यूए'चे तीन भाग झाले : 7+, 13+ आणि 16+. 'यू' सर्वांसाठी. 'यूए' ही पालकांसाठी सूचना आहे, बंदी नाही. 13+ पिक्चरला दहा वर्षांच्या मुलाला न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. 'ए'चं तसं नाही. आई-वडील सोबत असले तरी 18 वर्षांखालच्या कुणालाही आम्ही आत सोडू शकत नाही. कॉलेजच्या मुलांनी ओळखपत्र आणावं आणि दारात वाद घालू नये ही विनंती.

लांबीही बघा. तीन तासांच्या वरचे पिक्चर हल्ली बरेच येतात. रात्री साडेनऊचा खेळ, त्यात जाहिराती आणि इंटरव्हल धरले की लहान मूल एकच्या सुमारास खांद्यावर झोपलेलं घरी जातं. अशांसाठी सकाळचा खेळ बरा.

घरी बघावा की इथे?

मोठमोठे स्फोट असलेलेच पिक्चर थिएटरात बघावेत असं लोक म्हणतात. आमचं मत थोडं वेगळं आहे. विनोदी आणि भुताचा, हे दोन प्रकार घरी निम्मे होतात. शेजारचा अनोळखी माणूस हसला की आपल्यालाही हसू फुटतं, ते सोफ्यावर होत नाही. उलट नुसत्या संवादांवर चालणारं, दोन खोल्यांतलं नाट्य घरीही छान बघता येतं, हे आम्ही तोट्यात जाऊन सांगतो आहोत.

ओटीटीवर कधी येणार, असंही बरेच जण विचारतात. हिंदी चित्रपटांच्या बाबतीत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आठ आठवड्यांच्या अंतराचा आग्रह धरतात, तेव्हा साधारण दोन महिने धरून चाला. दक्षिणेतले बरेच पिक्चर चार आठवड्यांतच येतात. म्हणूनच त्यातल्या काहींची हिंदी आवृत्ती शहरातल्या मोठ्या मल्टिप्लेक्सना लागत नाही आणि आमच्याकडे लागते.

तिकिटाबद्दल थोडं

22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के, त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के. ॲपवरून काढलंत तर सेवाशुल्क वेगळं पडतं, खिडकीवर पडत नाही. चार जणांचं कुटुंब असेल तर वाचलेल्या पैशात इंटरव्हलचा चहा निघतो.

शनिवार-रविवारच्या वेळा कधीकधी गुरुवारी रात्रीपर्यंत ठरत नाहीत, कारण वितरकाशी बोलणं तोवर चालू असतं. त्यामुळे बुधवारी फोन करून "रविवारचा सहाचा आहे ना?" विचारलंत तर आम्ही "अजून नक्की नाही" असंच म्हणू. शुक्रवारी सकाळी दारावरचा बोर्ड बघा. सीट निवडताना पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावरची मधली ओळ मागा. आवाजाची जुळणी साधारण त्या जागी बसून केलेली असते. कोपऱ्यातल्या शेवटच्या सीट कुणाला आणि कशासाठी हव्या असतात ते आम्हाला ठाऊक आहे, पण तिथे आवाज भिंतीवर आपटून येतो.