मांडणशिल्प

वस्तू, चित्रे, छायाचित्रे, चलत्‌चित्रे, ध्वनी, प्रसंगी कलावंताचे स्वतःचे शरीर यांची विशिष्ट जागेत मांडणी करून प्रेक्षकाला तीत वावरायला लावणारा दृश्यकलाप्रकार. पाश्चात्त्य कलेत त्याची पूर्वपीठिका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कलावंत कुर्त श्विटर्स आणि मार्सेल द्यूशाँ यांच्यापर्यंत नेली जाते. स्वतंत्र प्रकार म्हणून तो साधारणतः १९६० नंतर स्थिरावला.

भारतातील त्याच्या आरंभाविषयी एकमत नाही. सार्वजनिक गणेशोत्सवातील देखाव्यांकडे बोट दाखवून ही परंपरा आपल्याकडे होतीच, असे म्हटले जाते. साम्य उघड आहे, पण साम्यावरून वंशावळ ठरत नाही. म. फि. हुसेन यांनी १९९२ मध्ये जहांगीर कलादालनात पांढरे कापड आणि वर्तमानपत्रे एवढ्यावरच ‘श्वेतांबरी’ उभारले; त्यावर वादही बराच झाला. त्याच वर्षी नलिनी मलानी यांनी मुंबईच्या केमोल्ड कलादालनाच्या भिंतींवरच चित्रे काढली. राजस्थानातील नाथद्वाऱ्याच्या भित्तिचित्रांची हेळसांड हा त्यांच्या ‘सिटी ऑफ डिझायर्स’ या कृतीचा एक संदर्भ. प्रदर्शन संपताच तीही पुसली गेली. मात्र केवळ पहिलेपणापेक्षा डिसेंबर १९९२–जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींनंतरचे वळण अधिक निर्णायक मानणे सयुक्तिक वाटते. विवान सुंदरम यांचे ‘मेमोरियल’ (१९९३) दंगलीतील मृतदेहाच्या एका वृत्तछायाचित्रावर आधारलेले आहे. त्या छायाचित्राच्या प्रतींवर त्यांनी खिळे ठोकले, पत्र्याच्या ट्रंकांची कमान उभी केली. रुम्माना हुसेन याच सुमारास रंगचित्रांकडून फुटकी मातीची मडकी, आरसे, गेरू यांकडे वळल्या. १९९५ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात पायांत घुंगरू बांधून, हातात चिरलेली पपई धरून आणि तोंड उघडे ठेवून त्या निःशब्द फिरल्या. याला मांडणशिल्प म्हणावे की प्रयोगकला (परफॉर्मन्स आर्ट), हा वाद इथे गौण आहे.

पुढील काळात घर आणि शहर हे विषय ठळक झाले. शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखते विणून घेतली व ती स्वतः घालून मुंबईत छायाचित्रे काढवली. चिलखत स्त्रीदेहाचे रक्षण करते आणि त्याला जखडतेही. प्राजक्ता पोतनीस यांच्या छायाचित्रांत फ्रिजच्या बर्फाळ कप्प्यातला फ्लॉवर अणुस्फोटाच्या ढगासारखा दिसतो. सुदर्शन शेट्टी (जन्म १९६१) यांच्या कामात घरगुती वस्तूंना यंत्राची हालचाल मिळते. केरळमधील कोची-मुझिरिस द्वैवार्षिकी (बिएनाले) या कलाप्रदर्शनाच्या २०१६ च्या आवृत्तीचे ते क्युरेटर, म्हणजे कलाकृतींची निवड व मांडणी ठरवणारे, होते.

वारशाशी थेट संवाद भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाला. १८७२ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि जुन्या कपाटांतील मातीच्या प्रतिकृतींच्या सान्निध्यात जितीश कलाट, एल. एन. तल्लूर आदींच्या कृती मांडल्या गेल्या.

गोव्यात सुबोध केरकर यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून समुद्र, होड्या व मच्छीमार यांना घेऊन किनाऱ्यावर कामे केली; पिळर्ण येथील ‘म्युझियम ऑफ गोवा’ त्यांनी २०१५ मध्ये स्थापन केले.