पावसाळ्यात नाक चोंदतं, आणि कारण गादीत असतं

पाऊस लागला की मुंबई-कोकणातल्या कित्येक घरांत सकाळ शिंकांनी उजाडते. डोळे नीट उघडायच्या आत एकामागून एक आठ-दहा शिंका, मग नाकातून पाणी, टाळूला खाज आणि दुपारपर्यंत कपाळ-गाल जड. घरातले म्हणतात, भिजला असशील. खरं तर कित्येकदा माणूस घराबाहेर पडलेलाही नसतो.

दमट हवा नाकाला मुळीच नकोशी नसते. नाकाचं कामच मुळी आत येणारी हवा ऊबदार आणि ओली करून पुढे पाठवण्याचं. फुप्फुसांत पोहोचेपर्यंत ती जवळजवळ 100 टक्के दमट झालेली असते. त्रास होतो तो त्या ओलाव्यावर घरात जे पोसलं जातं त्याचा, आणि त्यात पहिला मान धूळमाइटचा.

हा कोळ्याच्या कुळातला आठ पायांचा जीव. लांबी साधारण 0.3 मिलिमीटर, रंग पांढुरका, जवळजवळ पारदर्शक. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो. चावत नाही, रक्त पीत नाही. पाणीही पीत नाही, ते तो थेट हवेतून शोषतो. त्याच्या पुढच्या पायांच्या मुळाशी ग्रंथी असतात. त्यांतून खारट द्रव पाझरतो, हवेतली वाफ ओढून घेतो आणि ओघळत तोंडापर्यंत जातो. हवा कोरडी पडली की त्यातलं मीठ तिथेच साकळतं आणि ग्रंथीचं तोंड बंद होतं. हवेतली आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट हळूहळू सुकून मरतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत 80 टक्क्यांहून जास्त आर्द्रता असते, म्हणजे त्याची चंगळच. त्यात आपण गादीला ऊब देतो, घाम देतो, कोंडा देतो.

1960 च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी घरातल्या धुळीचा पाठपुरावा केला. ओल असलेल्या घरांतली धूळ ॲलर्जीच्या रुग्णांना जास्त बाधते, हे दिसत होतं. ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर हे जीव सापडले.

बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. तिचा एकेक कण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. तो जड असल्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाही; आपण कूस बदलतो, उशी थोपटतो, चादर झटकतो, तेव्हा नाकाशी उडतो. म्हणून तर हा त्रास पहाटे आणि सकाळी जास्त. त्या कणात पचनाचं एक एन्झाइम, म्हणजे एक प्रथिन असतं, ते नाकाच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करतं. ज्यांच्या शरीराने या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात, त्यांच्यात हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं. मग खाज, शिंका, पाणी आणि सूज.

सूज आली की सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, पंचाईत होते. गालाच्या हाडातल्या पोकळीची रचनाच अवघड आहे. मडक्याला भोक तळाशी नसून गळ्याशी असावं, तसं तिचं दार वरच्या बाजूला असतं. त्यामुळे आतला चिकट स्राव आपोआप खाली वाहून जात नाही. अस्तरावरचे बारीक केस त्याला लाटेसारखं हलत वर ढकलत दारापर्यंत नेतात. ते दार जेमतेम काही मिलिमीटरचं. अस्तर थोडं सुजलं तरी ते मिटतं, स्राव आत तुंबतो आणि खाली वाकलं की गाल ठणकतात.

यावर आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे वाफारा. त्याने घटकाभर बरं वाटतं, हे खरं. बाम किंवा निलगिरी टाकली तर आणखी मोकळं वाटतं, पण मेन्थॉलसारखी द्रव्यं नाकातल्या थंडावा जाणणाऱ्या चेतातंतूंना चेतवतात. सूज तेवढीच राहते. मला काळजी वाटते ती उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलांना वाकवून बसवण्याची. पातेलं कलंडून मुलं भाजतात, आणि असं वारंवार घडतं. मुलांना वाफारा देऊच नये.

दुसरा उपाय नाक मोकळं करणाऱ्या ड्रॉप्सचा. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेल्या थेंबांनी काही मिनिटांत श्वास मोकळा होतो, म्हणून माणूस ती बाटली सोडत नाही. पण तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरली की औषधाचा असर उतरल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि पुन्हा थेंब टाकावे लागतात. महिनोन्महिने या फेऱ्यात अडकलेली माणसं आहेत.

त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुणं कितीतरी चांगलं. एक लिटर पाण्याला 9 ग्रॅम मीठ. मात्र पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाचं पाणी नेतीपात्रात, म्हणजे नाक धुण्याच्या भांड्यात, वापरलेल्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला होता. असं क्वचितच होतं, पण पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात, तेवढी काढावीत.

दर पावसाळ्यात त्रास होत असेल तर डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे देतात. नाव ऐकून लोक घाबरतात. स्प्रेमधली मात्रा अगदी कमी असते आणि ती मुख्यतः नाकातच काम करते. पण त्याचा गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून सोडला तर उपयोग नाही. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो आणि पडदा दुखावून रक्त येण्याची शक्यता कमी होते.

आता घर. पावसात खिडक्या उघडून घर वाळत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. पंख्याने आर्द्रता घटत नाही. एसी घटवतो, पण रात्री दोन तास लावून माइट मरत नाहीत. दिवसातून थोडा वेळ ओली हवा मिळाली तरी त्यांचं भागतं. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते घ्यावंच. घरात वाळत घातलेल्या एका बादलीभर कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं, ते झोपायच्या खोलीत तरी नको. उशा-गाद्यांना घट्ट विणीची, चेनची खोळ घालावी आणि चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवावेत. भिंतीला ओल येऊन बुरशी धरली असेल तर वरून रंग मारून भागत नाही, गळती शोधावी लागते. आणि सुजलेल्या नाकाला डासांची कॉइल किंवा धुपाचा धूर सोसत नाही, हेही घरातल्यांना सांगून ठेवावं.

ताप, घट्ट पिवळा शेंबूड आणि गालदुखी दहा दिवसांहून जास्त टिकली, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा बिघडलं, तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. त्याआधी मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान ताठणं किंवा असह्य डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

पाऊस सरल्यावर हवा कोरडी होते, माइट कमी होतात, पण त्यांची विष्ठा गादीत आणि पडद्यांत तशीच राहते. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत अनेकांचं नाक पुन्हा वाहू लागतं ते त्यामुळेच. गाद्या, गोधड्या गच्चीवर कडक उन्हात नेऊन तिथेच झोडपाव्यात, खोलीत नाही. कपाटांवरची धूळ कोरडी न झटकता ओल्या फडक्याने पुसावी. आणि घरात ज्याला शिंकांचा त्रास आहे, त्याच्याकडे हे काम देऊ नये; दुसरं कुणी नसेलच तर त्याने मास्क लावावा आणि काम झाल्यावर तासभर त्या खोलीत जाऊ नये.